सांगवीत ट्रम्पेटचे पलटे : होतकरूंसाठी घरगुती मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका बारामती-फलटण रस्त्यावरच्या, नीरेकाठच्या सांगवीसाठी आहे. पिंपरी-चिंचवडच्या सांगवीकरांनी वाचायला हरकत नाही. पण तिकडं फ्लॅट असतात, दारं लागतात आणि तक्रार ऐकायला सोसायटीचा चेअरमन असतो. आमच्याकडं ऊस असतो, म्हशी असतात आणि तक्रार थेट तोंडावर होते. ट्रम्पेटचं सगळं शास्त्र इथूनच बदलतं.

हिच्यात गाणं एकही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आहेत ते सूर, पलटे आणि बोटांच्या कसरती. म्हणजे ज्यावर कुणी नाचत नाही, कुणी नोट ओवाळत नाही आणि ज्याला घरची माणसं ‘ते तुझं चालू झालं का’ म्हणतात. लेखकाला या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आहे. त्यातला बराचसा ऐकून घेण्याचा आहे.

साहित्य

एक ट्रम्पेट. नवा घ्यायचा तर आपल्याकडच्या बँडवाल्यांची बरीचशी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागातून येतात. जुना घ्यायचा तर बंद पडलेलं बँड पथक शोधावं. डीजेच्या भिंती उभ्या राहिल्यापासून हे शोधायला फार हिंडावं लागत नाही. जुन्या ट्रम्पेटला पोचे असतात. त्यातला कुठला पोचा कोणाच्या वरातीत पडला, हे विकणारा फुकट सांगतो. ऐकून घ्यावं, भाव कमी होतो.

व्हॉल्व्हचं तेल, एक बाटली. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह, म्हणजे दाबायचे तीन खटके असतात, ते त्यावर सरकतात. इथं पैसे वाचवू नयेत. लेखकानं पहिल्या वर्षी खोबरेल घातलं होतं. दिवाळीत थंडी पडली, बाटलीतलं थिजलं तसं खटक्यातलंही थिजलं आणि तिन्ही खटके दाबलेले ते दाबलेलेच राहिले. भाऊबीजेला घरात सगळ्यांनी एकच सूर ऐकला.

एक फडकं, एक तांब्या पाणी, मोबाइलवरचा तानपुरा. आणि एक मास्तर. आमच्या मास्तरांनी पंचवीस वर्षं लग्नांत वाजवलं, आता पंक्चर काढतात. हा बदल होतकरूंच्या फायद्याचा आहे, कारण दोन्ही धंदे हवेचेच.

पायरी पहिली : वाद्य ओळखणे

ट्रम्पेट म्हणजे तुतारी नव्हे. हे वाक्य रोज सकाळी तीनदा म्हणावं, कारण आमच्या भागात यावर निवडणुका फिरतात. २०२४ च्या लोकसभेला एका पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं आणि मतदानयंत्रावर अपक्षांपैकी कुणाला तरी ‘ट्रम्पेट’ मिळालेलं असायचं, ज्याचं मराठी नावही ‘तुतारी’च लिहिलेलं होतं. साताऱ्यात निकाल ३२,७७१ मतांनी लागला आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. बारामतीतही हेच चिन्ह यंत्रावर होतं. त्या उन्हाळ्यात लेखक ओट्यावर ‘सारेग रेगम’ वाजवत होता, तर येणारा-जाणारा थांबून विचारायचा, “कुणाचा परचार म्हणायचा ह्यो?” तेव्हापासून नियम असा आहे : आचारसंहिता लागली की ट्रम्पेट पेटीत.

फरक सोपा आहे. तुतारीला खटके नसतात. नळी वाकडी, तोंड मोठं आणि ओठांच्या जोरावर निघतील तेवढेच सूर. सरळ ‘सारेगम’ तिच्यातून निघत नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. केशवसुतांनी १८९३ साली कवितेत तुतारी मागितली, तेव्हा पलट्यांचा त्रास त्यांनी शिताफीनं टाळला, असं लेखकाचं मत आहे.

ट्रम्पेटही आधी असाच बिनखटक्याचा होता. मग १८१८ साली, म्हणजे इकडं पेशवाई बुडाली त्याच वर्षी, तिकडं जर्मनीत स्टोल्झेल आणि ब्लूमेल या दोघांनी खटक्यांचं पेटंट घेतलं. त्यामुळं ट्रम्पेटला सगळे सूर मिळाले आणि होतकरूंच्या मागं सराव लागला. १८१८ हे साल एकंदरीत कुणाला सोयीचं गेलं नाही.

पायरी दुसरी : जागा निवडणे

घरात वाजवू नये. घरातली माणसं आपली असतात, तीच टिकवायची आहेत.

गोठ्याजवळ तर मुळीच वाजवू नये. शेजारच्या काकूंची म्हैस लेखकाच्या पहिल्या आठवड्यात पान्हा चोरायला लागली. काकू रागावल्या नाहीत. त्या रोज संध्याकाळी रिकामी चरवी घेऊन ओट्यासमोरून सावकाश जायच्या आणि सावकाश परत यायच्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

उत्तम जागा म्हणजे उभा ऊस. दहा-अकरा महिन्यांचा ऊस आवाज गिळतो. शिवाय शेतीपंपाची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, तेव्हा दारं धरायला कुणीतरी जावंच लागतं. त्या कामावर स्वखुशीनं जाणारा मुलगा घरात एकदम लाडका होतो. एका सरीचं दारं मोडलं, की पाणी टोकाला पोचेपर्यंत एक पलटा होतो. पाणी पोचलं, दारं मोडा, पुढचा पलटा घ्या. यापेक्षा शिस्तीचं घड्याळ पुण्याच्या दुकानातही मिळत नाही.

दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत पुढं दुरुस्ती होऊन रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लाउडस्पीकरसोबत वाद्यंही आली. बंदिस्त जागेला तेवढी सूट आहे. चारी बाजूंनी ऊस असला तर ती जागा बंदिस्त धरायची का, यावर निकाल आलेला नाही. दुसरी अडचण बिबट्याची. त्याची आवई उठली की गावातलेच लोक येऊन म्हणतात, “आज रातच्याला वाजीव लेका. जरा मोठ्यानं वाजीव.” कलाकाराला रसिकांची मागणी आयुष्यात अशीही येते.

ऊस कारखान्याला गेला की जागा गेली. म्हणून होतकरूंनी लागण कधीची आहे ते पाहून शिकायला सुरुवात करावी. तोड आपल्याकडं दिवाळीच्या आसपास सुरू होते. तोवर निदान एक सप्तक निर्मळ झालं पाहिजे, नाहीतर पुढचा अभ्यास उघड्या रानात होतो.

पायरी तिसरी : ओठ

ट्रम्पेट फुंकून वाजत नाही. हे कळायला लेखकाला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत डोळ्यांपुढं काजवे सोडून काही निघालं नाही. वाजतात ते ओठ. ते मिटून मधून हवा सोडली की फुरफुरतात, आणि ती फुरफुर जवळपास पाच फूट लांबीच्या गुंडाळलेल्या पितळी नळीतून मोठी होऊन बाहेर येते. खालच्या मोकळ्या ‘सा’ला ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा हलतात, वरच्या ‘सां’ला त्याच्या दुप्पट. होतकरूचे ओठ यांपैकी कुठल्याही आकड्याशी बांधील नसतात.

मास्तरांची पद्धत अशी. पंक्चर शोधायच्या टबात पाणी भरायचं, त्यात बारीक नळी बुडवायची आणि तिच्यातून फुंकायचं. बुडबुडे आले पाहिजेत, पण एकसारखे. मध्येच मोठा, मध्येच बारीक चालणार नाही.

“बुडबुडं मोज,” मास्तर म्हणाले.

मी मोजायला लागलो तर हवा संपली.

“मोजायला तुला कुणी सांगितलं रं?”

“तुम्हीच की मास्तर.”

“डोळ्यानं मोज. तोंडानं फुंक. दोन्ही कामं तोंडाला देऊ नगं.”

दुकानात तेव्हा हवा भरायला आलेले दोघं-तिघं उभे होते. त्यांनी आपापली चाकं विसरून माझे बुडबुडे पाहिले. एकानं तर ट्यूब कुठं फुटलीय म्हणून वाकून टबात पाहिलं.

आठवडाभर बुडबुडे जमले की लांब सूर घ्यावा. एकच ‘सा’, हळू सुरू करून, भरून, पुन्हा हळू करत संपवायचा. गवयी पहाटे खर्ज लावतात, तसंच हे. पहिल्या दिवशी चार सेकंद टिकतो. महिन्यानं पंधरा. माउथपीस ओठांवर दाबून धरू नये. दाबलं की वरचा सूर लगेच निघतो आणि अर्ध्या तासात ओठ बधिर होतो. यावर मास्तरांचं वाक्य दुकानात पाटीवर लिहून लावण्यासारखं आहे : “ह्यो ओठ हाय, सायकलची ट्यूब न्हाई. गेला तर चिकटिवता येत न्हाई.”

पायरी चौथी : बोटं

आता खटके. मधला खटका सूर अर्ध्यानं उतरवतो, पहिला एक पूर्ण आणि तिसरा दीड. यातून सप्तक असं होतं. शून्य म्हणजे एकही खटका दाबायचा नाही :

सा – ०
रे – १ व ३
ग – १ व २
म – १
प – ०
ध – १ व २
नी – २
सां – ०

कोष्टक पाठ करण्याआधी जरा निरखावं. ‘सा’, ‘प’ आणि ‘सां’ तिन्हींना बोटं काहीच करत नाहीत. ‘ग’ आणि ‘ध’ यांना बोटं तीच आहेत. म्हणजे बोटं बरोबर ठेवून वेगळाच सूर काढण्याची संपूर्ण सोय या वाद्यात केलेली आहे. पेटीवर ‘प’ची पट्टी दाबली की ‘प’च वाजतो, इथं ‘प’ मागितला तर ओठांच्या मनात असेल ते येतं. पेटीवाले ट्रम्पेटवाल्यांकडं जरा वरून बघतात, त्याचं कारण हे आहे.

तीनच खटके का, चार का नाहीत, असं होतकरू विचारतो. खटक्यांच्या एकूण आठ जुळण्या होतात; त्यांतली पहिला-दुसरा ही आणि एकटा तिसरा ही, दोन्ही दीडच सूर उतरवतात, म्हणून कामाच्या सात उरतात. मोकळा ‘प’ घेऊन अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली उतरत गेलं की मधल्या सहा जागा या जुळण्यांनी भरतात आणि सातव्या पावलाला मोकळा ‘सा’ तयारच असतो. हिशेब इतका चोख आहे की कारखान्याच्या काटेवाल्यानंही मान डोलवावी.

एक बारीक खोट आहे. ‘रे’ला पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की सूर किंचित चढा येतो. त्यासाठी तिसऱ्या खटक्याच्या नळीला कडी असते. डाव्या हाताच्या बोटानं ती नळी जराशी बाहेर सरकवायची. बहुतेक होतकरू ही कडी ट्रम्पेट खुंटीला अडकवायला आहे असं समजतात. लेखक समजत नव्हता. लेखकानं अडकवला होता.

पायरी पाचवी : पलटे

मुख्य भाग हा. पलटा पहिला :

सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां.
सांनीध, नीधप, धपम, पमग, मगरे, गरेसा.

संगीताच्या कुठल्याही क्लासात पोरं पहिल्या महिन्यात हे गळ्यानं म्हणतात. ट्रम्पेटवर तेच बोटांच्या भाषेत असं होतं : ०, १-३, १-२, मग १-३, १-२, १. या ‘रे’वरून ‘ग’वर जाताना तिसरं बोट उचलायचं आणि त्याच क्षणी दुसरं टेकवायचं. हे तिसरं बोट, ज्याला आपण अनामिका म्हणतो, जन्मापासून अंगठी घालून बसण्याची नोकरी करत आलेलं असतं. त्याला एकदम कामाला लावलं की ते उशिरा येतं, आणि दोन सुरांच्या मध्ये एक तिसराच, कुठल्या सप्तकात न बसणारा सूर ऐकू येतो. आमच्या वाडीत त्याला ‘बेडूक’ म्हणतात.

आपल्याला वाटतं ही शिक्षा आपल्यालाच आहे. तसं नाही. पॅरिसच्या आर्बाँ नावाच्या मास्तरांनी १८६४ साली कॉर्नेटसाठी, म्हणजे ट्रम्पेटच्या भावंडासाठी, जाडजूड ग्रंथ काढला, तो निम्म्याहून अधिक अशा कसरतींनीच भरलेला असून जगभरचे ट्रम्पेटवाले अजून त्याचं पारायण करतात. १९१२ साली अमेरिकेत हर्बर्ट क्लार्क यांनी दुसरं पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं वेगळं : कसरत अगदी हळू आवाजात वाजवा, एका श्वासात, आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा. होतकरूला हे उलटं वाटतं. पितळी वाद्य हातात आहे ते काय कुजबुजायला? पण मोठ्यानं वाजवताना हवेच्या लोटात चूक झाकली जाते. हळू वाजवताना बेडूक स्पष्ट ऐकू येतो. शिवाय काकू.

गोव्याच्या पोरांचं तर याहून कडक होतं. तिथं चर्चच्या शाळेत संगीताचे मास्तर आधी तोंडानं सुरांची घोकंपट्टी करून घेत, हातात वाद्य नंतर. त्याच गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ नावानं ट्रम्पेट वाजवू लागला आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या सिनेमातल्या गाण्यांत त्याचा ट्रम्पेट घुमला. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतात. होतकरूनं ते जरूर पाहावं. चिकच्या झालरीच्या सदऱ्याकडं न बघता बोटांकडं बघावं. ती बोटं मजेत दिसतात. ती मजा घोकंपट्टीतून आलेली आहे. सदरा शिंप्याकडं मिळतो.

पहिला पलटा झाला की चार-चारचा घ्यावा : सारेगम, रेगमप, गमपध. मग एक आड एक : साग, रेम, गप. मग खटक्यांच्या सगळ्या जुळण्या ओळीनं, अर्ध्या-अर्ध्या सुरानं वर आणि खाली. हा शेवटचा प्रकार लांबून ऐकणाऱ्याला मोटरसायकल चढ चढते आहे असा वाटतो. लेखक तो वाजवत असताना दोनदा लोक रस्त्याच्या कडेला झाले आहेत.

पायरी सहावी : पट्टी बदलणे

आषाढात आमच्या गावाच्या एका अंगानं बारामतीवरून तुकोबांची पालखी जाते आणि नीरेपल्याड फलटणवरून माउलींची. लग्नं थांबलेली असतात, बँडवाले मोकळे असतात आणि देवळात भजन रंगलेलं असतं. अशा वेळी होतकरूच्या मनात येतं, आपणही दोन सूर लावावेत.

लावू नयेत. ट्रम्पेटचा मोकळा ‘सा’ पेटीवरच्या काळी पाचला असतो. देवळातल्या पेटीवाल्या दाजींनी लेखकाला विचारलं, “कुठली पट्टी वाजीवता?” लेखक म्हणाला, “सा.” दाजींनी चष्म्यावरून पाहिलं. “आवं सा सगळ्यांचाच असतोय. पट्टी कंची?”

भजन काळी चारमध्ये होतं. म्हणजे सबंध सप्तक एका सुरानं खाली. तेव्हा बोटं अशी होतात : सा १, रे ०, ग १-३, म २-३, प १, ध ०, नी १-२, सां १. कालपर्यंत जो ‘सा’ होता तो आज ‘रे’ झाला आणि जो ‘प’ होता तो ‘ध’. माणूस सासरी गेल्यावर त्याचं नातं बदलावं तसं झालं. लेखकाची बोटं माहेरच्याच हिशेबानं चालत राहिली. पखवाजवाल्यांनी डोळे मिटले ते भक्तीनं नसावेत.

म्हणून एकच पलटा बाराही पट्ट्यांत पक्का करावा. आठवड्याला एक पट्टी धरली तर बारा आठवडे, म्हणजे साधारण आषाढीला सुरू करून नवरात्रापर्यंत. नवरात्रात कुणी बोलावलं तर जावं. बोलावणार नाहीत, पण तयारी असावी.

पायरी सातवी : जीभ

सूर तुटक हवा असेल तर जिभेनं ‘तू’ म्हणायचं. भराभर हवा असेल तर एकटी जीभ पुरत नाही. तिचं टोक आणि मूळ आळीपाळीनं लावायचं : ‘तूकू तूकू तूकू’. तीन-तीनचे गट असतील तर ‘तूतूकू तूतूकू’. तबल्याला बोल असतात तसे हे ट्रम्पेटचे बोल, फक्त ते तोंडातल्या तोंडात राहतात.

हा सराव वाद्याशिवायही करता येतो, आणि इथंच धोका आहे. एस.टी.त खिडकीशी बसून ‘तूकू तूकू’ करणारा तरुण मुलगा पाहून समोरच्या बाईंनी पदर सावरला आणि जागा बदलली. हा सराव एकांतात करावा. ‘कू’ नेहमी ‘तू’पेक्षा मऊ निघतो, दोन्ही सारखे होईपर्यंत नुसतं ‘कूकूकू’ वाजवावं. घरचे त्या काळात कोंबड्यांचा विषय काढतील. मनावर घेऊ नये.

नेहमीच्या अडचणी आणि उपाय

ट्रम्पेटमधून गुरगुर ऐकू येते : आत पाणी साठलंय. श्वासातली वाफ पितळेला लागून तिचं पाणी होतं. खालची चावी दाबून ते सोडावं. पाहुण्यांच्या अंगणात, रांगोळीवर सोडू नये.

वरचा सूर निघत नाही : आज निघणार नाही. उद्या बघा.

ओठ थरथरतो : वाद्य ठेवा. जेवढा वेळ वाजवलं तेवढाच वेळ विश्रांती, हा हिशेब धरावा. मास्तर म्हणतात, इंजिनसुद्धा तापल्यावर पाणी मागतं.

“एखादं गाणं वाजीव की” : याला उपाय नाही. एक गाणं शिकलात की रोज तेच मागतील आणि पलटे संपले. लेखक ‘अजून बसलं नाही’ असं तीन वर्षं सांगतो आहे. लोकांचा विश्वास बसलेला आहे.

“पुण्याला गणपतीत वाजवणार का?” : विसर्जन मिरवणुकीतले प्रभात किंवा दरबार ब्रास बँड ऐकून या, मग प्रश्न आपोआप मिटतो. तिथं ट्रम्पेटवाला चालत वाजवतो, खांद्याला धक्के खात वाजवतो, तासन्‌तास वाजवतो. ओठ थकल्यावर त्याला आठवतात ते पलटेच. गाणं बोटांवर तेव्हाच उभं राहतं.

शेवटची सूचना

ही खरं म्हणजे पहिली सूचना आहे. लेखकाला ती शेवटी कळली म्हणून शेवटी दिली आहे.

वर सांगितलेल्या पहिल्या पलट्यात, ‘धनीसां’पाशी, लेखकाची हवा संपायची. सारेगपासून निघालेला श्वास ‘नी’पर्यंत कसाबसा यायचा. मग घाईनं एक श्वास, आणि मग ‘सां’. पुढं जायची घाई असल्यामुळं त्या श्वासाचा ‘हुप्प’ असा आवाज व्हायचा. एवढंसं काय, पुढं सुधारेल, म्हणून लेखक पुढं जात राहिला. रोज वीस वेळा. वर्षभर.

मग एका सकाळी शेजारचं पोरगं किटली घेऊन डेअरीला दूध घालायला निघालं होतं. उड्या मारत चाललं होतं आणि तोंडानं म्हणत होतं :

“मपध, पधनी, धनी-हुप्प-सां.”

मी ओट्यावरून उतरून त्याला थांबवलं. म्हटलं, “बाळा, ते धनीसां आहे. मध्ये हुप्प नाही.”

त्यानं किटली या हातातून त्या हातात घेतली. “न्हाई दादा,” तो म्हणाला, “हाय की. तुम्ही रोज वाजिवता.” आणि मला कळावं म्हणून त्यानं ते पुन्हा म्हणून दाखवलं. ‘हुप्प’ अगदी तालात.

मास्तरांना जाऊन सांगितलं. ते टबात ट्यूब फिरवत होते. एका जागी बुडबुडे आले, तिथं त्यांनी बोट धरलं.

“बरोबर शिकलंय पोरगं,” म्हणाले. “तू शिकिवलंस तेच शिकलंय. तू काय समजत हुतास, हात चुकी इसरतोय व्हय? हाताला काय ठावं चूक कंची आन्‌ बरूबर कंचं. जे इस वेळा केलं ते त्येला बरूबर.”

तेव्हा पद्धत अशी. श्वास कुठं घ्यायचा ते वाजवण्याआधी ठरवा, पेन्सिलीनं खूण करा. पलटा ज्या वेगानं एकदाही चुकत नाही, त्या वेगानं सुरू करा, मग तो वेग कितीही लाजिरवाणा असो. चुकीची जागा आली की सगळा पलटा पहिल्यापासून घेऊ नका. फक्त ‘पधनी, धनीसां’ एवढंच, निम्म्या वेगानं, पूर्ण श्वास भरून घ्या. सलग पाच वेळा नीट आलं की मगच मागचा तुकडा जोडा. सहाव्या वेळी चुकलं तर मोजणी परत एकपासून. एकदा चुकीचं वाजवलं तर दोनदा बरोबर वाजवायला लागतं. वर्षभर चुकीचं वाजवलं असेल तर त्याचा हिशेब करत बसू नका, लागा.

लेखक गेले आठ महिने हेच करतो आहे. माझ्या पलट्यातला हुप्प आता गेलेला आहे. काकूंची म्हैस दूध देते, त्यामुळं त्या समोरून जात नाहीत.

पोराच्या पलट्यात मात्र तो अजून आहे. परवा ते धाकट्या बहिणीला शिकवत होतं. तिचा ‘सां’ राहून जात होता, पण हुप्प पहिल्याच दिवशी बसला.